झेंडूच्या पुलावरून

गेल्या पितृपक्षात माझ्या पुतण्याची बारा वर्षांची मुलगी काही दिवस आमच्याकडे राहावयास आली होती. सर्वपित्रीच्या आदल्या रात्री तिने ‘कोको’ नावाचा चित्रपट लावला आणि “आजोबा, यात आपल्या श्राद्धासारखंच आहे,” असे सांगून मला शेजारी बसवून घेतले. ॲनिमेशन चित्रपट म्हणजे बाळगोपाळांची करमणूक, अशी माझी आजवरची समजूत होती. ती अर्ध्या तासातच सोडून द्यावी लागली.

अमेरिकेतील ‘पिक्सार’ या संस्थेने २०१७ साली काढलेला हा चित्रपट ली उंक्रिच यांनी दिग्दर्शित केला असून एड्रियन मोलिना हे सहदिग्दर्शक आहेत. कथा मात्र मेक्सिकोची. तेथे नोव्हेंबरच्या पहिल्या व दुसऱ्या तारखेस दिवंगतांचा सण साजरा होतो. घरात वेदी मांडून तीवर गेलेल्यांची छायाचित्रे, त्यांच्या आवडीचे पदार्थ, मेणबत्त्या आणि झेंडूची फुले ठेवतात. (हा झेंडू मूळचा मेक्सिकोचाच. युरोपीयांच्या गलबतांतून तो आपल्याकडे आला आणि दसऱ्याच्या तोरणात असा काही रुळला की, आता त्याला परका म्हणण्याची कोणाची छाती होणार नाही.)

मिगेल हा पादत्राणे बनविणाऱ्या रिव्हेरा घराण्यातील बारा वर्षांचा मुलगा. त्याचा खापरपणजोबा बायको व लहानगी मुलगी यांना टाकून गाण्याच्या नादाने घराबाहेर पडला, तो परतलाच नाही. तेव्हापासून त्या घरात संगीताला बंदी. मिगेलला तर गाण्याचेच वेड. तो एका विख्यात दिवंगत गायकाची गिटार त्याच्या समाधीतून उचलतो आणि मृतांच्या नगरीत जाऊन पोहोचतो. तेथे त्याला हेक्तर नावाचा फाटका सांगाडा भेटतो. ज्याचे छायाचित्र कोणाच्याही वेदीवर नाही, त्याला झेंडूच्या पाकळ्यांचा पूल ओलांडून घरी येता येत नाही; आणि ज्याची आठवण असलेले शेवटचे माणूसही उरत नाही, तो त्या नगरीतूनही कायमचा नाहीसा होतो, असा तेथील नियम. हेक्तरवर ती वेळ येऊन ठेपली आहे.

या एका नियमावर संपूर्ण चित्रपट उभा आहे आणि त्याचे बळही तेच. परीकथेतील नियम साधा असावा आणि त्याची किंमत जबर असावी, हे चित्रपटकर्त्यांनी नेमके ओळखले आहे. झोळीत पडलेला एक म्हातारा सांगाडा शेवटचे गाणे ऐकत विरून जातो, तो प्रसंग मुलांच्या चित्रपटात घालावयास धाडस लागते. दृश्यांची श्रीमंती तर डोळे दिपविणारी. मृतांची नगरी थरांवर थर चढत गेलेली, तळाशी प्राचीन वास्तू आणि वर वर अर्वाचीन घरे. गिटारीच्या तारांवर पडणारी बोटेही गाण्याबरहुकूम पडतात. परंतु माझ्या मनात राहिला तो मिगेलच्या पणजीचा, कोकोचा, सुरकुतलेला चेहरा. विस्मृतीत बुडालेल्या त्या वृद्धेच्या कानी बापाचे गाणे पडते आणि तिचे ओठ हलू लागतात. तेथे ना चमत्कार, ना मोठे वाद्यवृंद. मी चष्मा पुसला, हे नातीने पाहिले. बोलली मात्र नाही.

उणिवाही सांगितल्याच पाहिजेत. पंख पसरून उडणारे रंगीबेरंगी ‘आलेब्रिखे’ येथे मृतात्म्यांचे वाटाडे झाले आहेत. वस्तुतः कागदाच्या लगद्याचे हे प्राणी पेद्रो लिनारेस या कारागिराने १९३०च्या दशकात मेक्सिको शहरात घडविले. या सणाशी त्यांचा पूर्वापार संबंध नाही. मधली पळापळही लांबली आहे. पण याहून मोठी तक्रार वेगळी आहे. कलेसाठी घर सोडणाऱ्यास घराने क्षमा करावी काय, हा या कथेचा खरा प्रश्न. इमेल्दा या खापरपणजीचा राग रास्त आहे. तिने एकटीने जोडे शिवून संसार उभा केला. चित्रपट काय करतो? हेक्तर घरी परतण्यास निघाला असता मित्राने त्याला विष घातले, असा उलगडा करतो. खलनायक सापडला, हेक्तर निर्दोष ठरला, प्रश्न मिटला! तो परतावयास निघालाच नसता तर? त्या उत्तराची जबाबदारी लेखकांनी टाळली. तशीच दुसरी गोष्ट. विसरल्या गेलेल्यांची गलिच्छ वस्ती आणि ख्यातनामांचे प्रासाद आपल्याला दाखविले जातात. परंतु हेक्तरची सुटका होताच त्या वस्तीतील बाकीच्यांची आठवण खुद्द चित्रपटालाही राहत नाही.

चित्रपट संपल्यावर नातीने विचारले, “आपण किती पिढ्यांची नावं घेतो?” तीन, मी म्हणालो, पिता, पितामह, प्रपितामह आणि त्यांच्या पत्नी. म्हणजे हेक्तर आपल्या यादीत बसलाच नसता, असा हिशेब तिने क्षणात केला. मग भिंतीवरील नऊवारीतल्या बाईंकडे बोट दाखवून त्यांचे नाव विचारले. ती माझी पणजी. गेली कित्येक वर्षे श्राद्धात घेत आलो, तेच नाव मी सांगितले. खात्री करावी म्हणून सकाळी नव्वदीच्या आत्याबाईंना फोन केला, तर त्या म्हणाल्या, “अरे, ते नाव आजोबांच्या पहिल्या बायकोचं. ती मूलबाळ होण्याआधीच गेली. फोटोतली दुसरी. आपण सगळे तिचे.” तिचे नाव? आत्याबाई बराच वेळ गप्प राहिल्या. “आम्ही मोठी आई म्हणायचो, एवढंच.”

गुरुजी यायचे होते. नातीने तसबीर उतरवली आणि मागच्या पुठ्ठ्यावर पेन्सिलीने ‘मोठी आई’ असे लिहून पुन्हा खिळ्याला लावली.