आजारी पुस्तकाचा उपचार

मूकपटांचा काळ सरला असें आपण म्हणतों. परंतु श्रीयुत मॉरिस लेसमोर व त्यांचीं उडतीं पुस्तकें ह्यांची कथा सांगणाऱ्या ॲनिमेशनपटांत एकही संवाद नाहीं. विल्यम जॉइस व ब्रँडन ओल्डनबर्ग ह्यांनीं अमेरिकेंतील लुइझियाना राज्यांत केलेला हा सुमारें पंधरा मिनिटांचा पट २०११ सालचा. २०१२ सालीं त्यास ऑस्कर पारितोषिक मिळालें. त्या राज्यावर २००५ सालीं कोसळलेल्या कत्रीना वादळाची स्मृति कथेच्या मुळाशीं आहे.

वादळ मॉरिसचें घर उलथून टाकतें. इतकेंच नव्हे, तर त्याच्या हातच्या पुस्तकांतील अक्षरेंही उडवून नेतें. पुढें उडत्या पुस्तकांच्या एका वास्तूंत त्यास आश्रय मिळतो. तेथें तो लोकांस पुस्तकें देऊं लागतो, तेव्हां करडीं, निस्तेज माणसें पुस्तक हातीं येतांच रंगीत होतात. पुस्तकें मनुष्यास बरें करितात, हें ह्यावरून कोणीही सांगेल. (घर गेलेल्यास आधीं छप्पर व अन्न हवें, ह्याचा मात्र पटास थोडा विसर पडला आहे.) आम्हांस दुसराच प्रसंग अधिक मोलाचा वाटतो.

एक जीर्ण पुस्तक मरणोन्मुख होतें. मॉरिस शस्त्रवैद्याप्रमाणें त्यावर उपचार करितो, पण गुण येत नाहीं. शेवटीं तो तें वाचूं लागतो, आणि काय आश्चर्य! पुस्तकाची नाडी पुन्हा चालूं लागते.

आतां आमच्याकडील रीत पाहा. चांगलें पुस्तक आलें कीं त्यास खाकी वेष्टण घालावयाचें, शिक्का मारावयाचा आणि कपाटांत कुलपाआड ठेवावयाचें! मुलें फाडतील, ही सबब. कपाटाच्या किल्ल्या सांभाळतांना ती आम्हींही पुष्कळदां सांगितली आहे, आणि कोरीं करकरीत पुस्तकें कसरीच्या तोंडीं दिलीं आहेत. पालकही ह्यांत अगदीं निर्दोष नाहींत. परीक्षा जवळ आली कीं मुलाच्या हातून प्रथम गोष्टीचें पुस्तक काढून घेतलें जातें.

आमची सूचना एवढीच कीं, मधल्या सुटींत कपाटें उघडीं असावीं, प्रत्येक विद्यार्थ्यास आठवड्यास एक पुस्तक घरीं न्यावयास मिळावें, आणि पान फाटल्यास दंड न घेतां त्याच्याच हातीं गोंद व पातळ कागद द्यावा. चिकटवून झाल्यावर तें पान त्यानें वर्गांत एकदां मोठ्यानें वाचून दाखवावें, म्हणजे झालें.