लाडाचे करडू पाला का खात नाही?



शेळीला दोन करडे झाली तर घरात आनंद आणि तीन झाली तर काळजी, कारण शेळीला सड दोनच. आपल्या उस्मानाबादी शेळीला जुळे तर नेहमीचेच, कधी तिळेही होते. मग तिघांतले सर्वांत अशक्त करडू चुलीजवळ येते, बाटलीने दूध पिते आणि रात्री पोरांच्या गोधडीत शिरते. महिनाभरात ते घरातलेच एक होऊन बसते. धाकटीने भाकरी मोडली की पहिला घास त्याचा. बिस्किटाचा पुडा फुटला की निम्मी बिस्किटे त्याची.

असे करडू अडीच-तीन महिन्यांचे झाले की एकच तक्रार सुरू होते. पुढ्यात पाला टाकला तर हुंगते आणि तोंड फिरवते. भाकरीचा वास आला की मात्र दावे तोडते. आपण म्हणतो, फार हट्टी आहे हो! पण हा हट्ट करड्याचा नाही, सवय आपण लावलेली असते.

थोडे त्याच्या पोटात डोकावून पाहू. शेळीच्या पोटाला चार कप्पे. त्यातला मोठा तो कोठीपोट. चारा तिथे मुरतो आणि तिथूनच रवंथासाठी तोंडात परत येतो. नुकत्याच जन्मलेल्या करड्याचे हे कोठीपोट अगदी लहान असते. दूध त्याला वळसा घालून थेट शेवटच्या कप्प्यात जाते. दोन आठवड्यांचे झाले की करडू आईच्या पुढ्यातला पाला कुरतडू लागते. त्या कुरतडण्यानेच कोठीपोट वाढते आणि चारा पचवणारे सूक्ष्म जंतू तिथे वस्तीला येतात. दोन-तीन महिन्यांत ते नीट कामाला लागते. चुलीजवळच्या करड्याला ना आई दिसत, ना तिचा पाला. मग ते शिकणार कोणाकडून?

त्यात भाकरी, भात, कणीक यांचा धोका वेगळाच. हे पदार्थ कोठीपोटात झपाट्याने आंबतात. थोडे असले तर निभावते, पोटभर झाले तर पोटात आम्ल वाढते. करडू सुस्त होते, रवंथ थांबते, पोट फुगते, पातळ हगवण लागते आणि एक-दोन दिवसांत जीवही जातो. आमच्या घरी हे झाले आहे. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी उरलेला भात आणि कणकेचे गोळे पोरांनी हौसेने त्याला चारले. संध्याकाळी ते कोपऱ्यात मान टाकून बसले. दमले असेल, असे आम्ही म्हणालो. सकाळी डॉक्टरांना बोलावायला माणूस निघाला, तो वाटेतूनच परत आला. पोरे चार दिवस नीट जेवली नाहीत. म्हणून हे एवढे कळकळीने लिहिते आहे.

आता उपाय. भाकरी-बिस्किटे आठवडाभरात कमी करीत बंद करा. दूध मात्र एकदम तोडू नका. दोन महिन्यांनंतर पंधरा-वीस दिवसांत थोडे थोडे कमी करीत तीन महिन्यांच्या सुमारास सोडवा. "उपाशी ठेवले की झक मारत खाईल" हा विचार मनातून काढून टाका. कोवळे पोट उपासाने खंगते.

पाला जमिनीवर टाकू नका. शेळी ही मान वर करून झुडपे ओरबाडणारी जात आहे. पायाखालचा, लेंड्यामुताने भरलेला चारा ती खात नाही, आणि ते चांगलेच आहे, कारण जंत तिथूनच पोटात जातात. पाल्याची जुडी सुतळीने करड्याच्या तोंडापेक्षा जरा वर टांगा. जुडी हलते, करडू खेळायला म्हणून ओढते आणि खेळता खेळता चावते.

शेजारी एखादी खादाड, शांत शेळी बांधा. तिचे पाहून करडू जितके शिकेल तितके तुम्ही हाताने भरवून शिकणार नाही. सुरुवात बोर, बाभूळ, शेवरी अशा आवडीच्या कोवळ्या पाल्याने करा. नवा पाला जुन्यात मूठभर मिसळा आणि दहा-पंधरा दिवसांत वाढवा. दिवसातून तीन-चार वेळा थोडा थोडा, ताजा द्या. उरलेला काढून मोठ्या शेळ्यांना घाला. वर मिठाच्या पाण्याचा हलका शिपका मारला तर चवीने खातात. स्वच्छ पाणी नेहमी जवळ हवे.

काही पथ्ये सांभाळा. सुबाभळीचा पाला पौष्टिक खरा, पण एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त नको. त्यातल्या विषारी द्रव्याने केस गळतात. दवाने ओला लसूणघास पोट फुगवतो, तो सुकवून द्या. पाण्याच्या ताणावरची कोवळी ज्वारी, कण्हेर आणि घाणेरी यांच्या वाऱ्यालाही करडू जाऊ देऊ नका.

एवढे करूनही करडू खात नसेल तर तोंड उघडून पाहा. ओठांवर फोड किंवा आत चट्टे आहेत का? पापणी खाली ओढून पाहा. आतून ती गुलाबी हवी, पांढुरकी दिसली तर जंतांचा संशय घ्या. अंग तापले असेल, हगवण असेल, रवंथ बंद असेल तर घरगुती औषधात वेळ घालवू नका, जनावरांच्या दवाखान्यात न्या. आडव्या पडलेल्या करड्याच्या तोंडात काही ओतू नका, ते फुप्फुसात जाते. दवाखान्यात गेलातच तर आंत्रविषार आणि पीपीआरच्या लसी कधी टोचायच्या तेही विचारून घ्या.

पोरांना मात्र रागावू नका. त्यांनी माया केली, तिची वाट तेवढी बदलायची. शाळेतून येताना बोरीची डहाळी कोण आणतो ते पाहू, असे म्हणा. जुडी बांधायचे काम धाकटीला द्या. आमच्या घरी आता करड्याला भाकरी कोणी देत नाही. दप्तर टाकले की पोरे आधी जुडी बांधायला धावतात.