रॉबर्ट जॉन्सन नंतर ऐकावा

लँग्स्टन ह्यूज यांची ‘द वेअरी ब्लूज’ ही कविता आम्ही पदव्युत्तर वर्गात अनेक वर्षे शिकवीत आलो. वांशिक अस्मिता, हार्लेमचे प्रबोधन, मौखिक परंपरेचा लिखित कवितेतील आविष्कार अशी सारी टिपणे आमच्याजवळ तयार होती. एका वर्षी मागच्या बाकावरच्या एका विद्यार्थिनीने विचारले, “सर, पण हे गाणं ऐकायला कसं असतं?” आम्ही ‘विषण्ण, संथ, उदास’ अशी तीन विशेषणे दिली आणि पुढच्या कडव्याकडे वळलो. तास संपल्यावर मात्र आमची आम्हालाच लाज वाटली. ज्या संगीताच्या नावावर कवितासंग्रह उभा आहे, त्या संगीताची एकही ध्वनिमुद्रिका आम्ही वर्गात कधी वाजविली नव्हती; आणि खरे सांगायचे तर घरीही फारशी ऐकली नव्हती.

२०२५ साली आलेल्या ‘सिनर्स’ या चित्रपटामुळे (त्याचे कथानक १९३२ सालच्या मिसिसिपीतील क्लार्क्सडेल गावी घडते) हा प्रश्न आता अधिक वेळा कानी येतो. ब्लूज ऐकायचा आहे, कोठून सुरुवात करू? त्यावर जाणकारांचे उत्तर ठरलेले असते : रॉबर्ट जॉन्सन. हे उत्तर चुकीच्या क्रमाचे आहे, असे आमचे मत आहे.

जॉन्सनच्या थोरवीविषयी आमचा वाद नाही. १९३६ आणि १९३७ या दोन वर्षांत टेक्सासमध्ये त्याची एकोणतीस गाणी ध्वनिमुद्रित झाली आणि १९३८ साली, वयाच्या अवघ्या सत्ताविसाव्या वर्षी, तो गेला. एवढ्या सामग्रीवर दंतकथा उभी राहिली नसती तरच नवल. मध्यरात्री चव्हाट्यावर सैतानाला आत्मा विकून त्याने गिटार मिळविली, ही कथा नवा श्रोता गाणे ऐकण्याआधीच ऐकतो. मग त्याचे कान सैतानाला शोधू लागतात आणि गाणे बाजूला राहते. याहून मोठी अडचण अशी की, या दारातून आत गेलेल्याला ब्लूज म्हणजे एका एकाकी, शापित पुरुषाचा विलाप वाटतो, आणि ही समजूत पुढे सहसा सुटत नाही.

ही समजूत आली कोठून, हे साहित्याच्या विद्यार्थ्यांनी तरी विचारावयास हवे. कारण अभिजाततेच्या याद्या कशा घडतात हा आपल्या अभ्यासाचाच विषय आहे. जॉन्सन हयात असताना त्याचे नाव फारसे पसरलेले नव्हते. एलायजा वाल्ड यांनी ‘एस्केपिंग द डेल्टा’ (२००४) या पुस्तकात दाखविले आहे की, त्या काळच्या कृष्णवर्णीय श्रोत्यांच्या दृष्टीने तो जवळजवळ परिघावरचा गायक होता. त्याला मध्यभागी आणले ते १९६१ साली निघालेल्या दीर्घमुद्रिकेने आणि ती ऐकणाऱ्या, बहुतांशी गोऱ्या, तरुण संग्राहकांनी. संग्राहकाला दुर्मिळाचे मोल अधिक. जी तबकडी लाखांनी खपली ती त्याच्या लेखी बाजारू. जिच्या दोन-तीन प्रती उरल्या ती अस्सल.

या ‘अस्सल’ शब्दाची एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. डिसेंबर १९३८ मध्ये जॉन हॅमंड यांनी न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये कृष्णवर्णीय संगीताचा मोठा कार्यक्रम योजिला. त्यात जॉन्सनला आणावयाचे होते. पण तो काही महिन्यांपूर्वीच वारल्याचे कळले. त्याच्या जागी बिग बिल ब्रून्झी उभा राहिला. हा शिकागोतला मुरलेला गायक. कितीतरी तबकड्या नावावर असलेला. त्याला श्रोत्यांसमोर आणले गेले ते मात्र शेतावरचा साधा कष्टकरी म्हणून. रंगमंचाला गायकापेक्षा ‘लोक’ हवे होते. (आपल्याकडेही लोकगीताला कर्त्याचे नाव सापडले की काही अभ्यासकांचा विरस होतो. असो.)

तेव्हा आमची शिफारस अशी की, सुरुवात बेसी स्मिथपासून करावी. पहिले गाणे ‘सेंट लुइस ब्लूज’, रचना डब्ल्यू. सी. हँडी यांची, १९१४ सालची. बेसीचे ध्वनिमुद्रण जानेवारी १९२५ चे. मराठी कानाला येथे एक अनपेक्षित ओळख भेटते. साथीला पियानो नाही, गिटार नाही. फ्रेड लाँगशॉ रीड ऑर्गन वाजवीत आहेत, आणि तो लांबवलेला, किंचित कापरा सूर ऐकताना संगीत नाटकातल्या ऑर्गनची आठवण न झाली तरच आश्चर्य. दुसऱ्या बाजूला लुई आर्मस्ट्राँग यांचे कॉर्नेट. बेसी एक ओळ म्हणते, थांबते, आणि त्या रिकाम्या जागेत कॉर्नेट तिला उत्तर देते. गायकाने जागा सोडावी आणि साथीदाराने ती भरावी, हा व्यवहार आपल्या मैफिलीत वाढलेल्याला शिकवावा लागत नाही.

ब्लूजची ठरलेली रचना बारा मात्राखंडांची आणि तीन ओळींची : पहिली ओळ, तीच पुन्हा, आणि तिसरी यमकाने जुळणारी. कागदावर ही पुनरुक्ती नीरस दिसते. मुशायऱ्यात शायर पहिला मिसरा दोनदा का म्हणतो, हे ज्याने अनुभवले आहे त्याला मात्र तिचे प्रयोजन लगेच उमगेल. दुसऱ्यांदा म्हटलेली ओळ तीच नसते; तिच्याखालची स्वरसंगती बदललेली असते आणि श्रोता आता तिसरीची वाट पाहू लागलेला असतो. ती तिसरी ओळ कधी घाव घालते, तर पुष्कळदा हसविते.

स्वरांचेही तसेच. ब्लूजचा गंधार कोमल म्हणावा तर थोडा चढा, शुद्ध म्हणावा तर उतरलेला. पियानोच्या पट्टीत त्याला घर नाही, म्हणून वादक दोन्ही पट्ट्या एकदम दाबून त्याचा आभास निर्माण करतात. पाश्चात्त्य संगीताची पुस्तके या स्वराचे मोठे गूढ करतात. श्रुती आणि मींड यांवर पोसलेल्या कानाला त्यात गूढ वाटू नये. पण म्हणून ‘हे तर आपलेच’ असे म्हणून मोकळेही होऊ नये. येथे तो स्वर रागाच्या शिस्तीतून येत नाही, आणि खालून चालणारी स्वरसंगती त्याच्याशी सतत भांडत असते. ते भांडणच ऐकायचे.

यानंतर बेसीचेच ‘बॅकवॉटर ब्लूज’ ऐकावे. फेब्रुवारी १९२७ चे ध्वनिमुद्रण. पियानोवर जेम्स पी. जॉन्सन. विषय पुराचा. त्याच वर्षी एप्रिलमध्ये मिसिसिपीला महापूर आला आणि गाणे त्या पुराशी कायमचे जोडले गेले, जरी ते आधीचे असले तरी. आम्हाला यात थक्क करते ती बेसीची तपशिलावरची निष्ठा. पाऊस किती दिवस चालला, होडी कोठून आली, टेकडीवरून खाली पाहिल्यावर काय दिसले, हे ती एखाद्या साक्षीदाराने जबानी द्यावी तसे सांगते. रडणे जवळजवळ नाहीच. ‘विषण्ण, संथ, उदास’ ही आमची तीन विशेषणे या गाण्यापुढे टिकत नाहीत. राल्फ एलिसन यांनी १९४५ साली रिचर्ड राइट यांच्यावर लिहिताना ब्लूजमधील शोकात्म आणि विनोदी यांच्या एकत्र वास्तव्यावर बोट ठेवले होते. पण तो निबंध आधी वाचून मग बेसी ऐकण्यापेक्षा उलट क्रम बरा.

दुसरी गायिका मेम्फिस मिनी. ‘मी अँड माय शोफर ब्लूज’ (१९४१) हे तिचे गाणे खट्याळ, चालीला चपळ आणि गिटारीवर कमालीचे पक्के. गिटार हे पुरुषाचे वाद्य, ही समजूत त्याने आपोआप गळून पडते. तिच्या नावाशी आमची आणखी एक खंत निगडित आहे. १९४२ च्या वर्षअखेरीस शिकागोतील एका क्लबात ती शीतपेटीवर बसून विजेची गिटार वाजवीत होती, आणि समोर बसलेल्या एका कवीने त्यावर ‘शिकागो डिफेंडर’ या वृत्तपत्रात स्तंभ लिहिला. त्या गिटारीत त्याला कारखान्यातील यंत्रांचा आवाज ऐकू आला. तो कवी म्हणजे लँग्स्टन ह्यूज. ज्यांची कविता आम्ही उदासीच्या नावाने शिकवीत होतो, त्यांनी स्वतः ब्लूजमध्ये यंत्रयुगाची गर्जना ऐकली होती!

मग मडी वॉटर्स. १९४१ साली अ‍ॅलन लोमॅक्स आणि जॉन वर्क हे संशोधक मिसिसिपीतील स्टोव्हल मळ्यावर त्याच्याकडे गेले आणि काँग्रेसच्या ग्रंथालयासाठी त्याची गाणी मुद्रित केली. तेव्हा तो मळ्यावर राबत असे. १९४३ मध्ये तो शिकागोला गेला आणि १९४८ मध्ये त्यातलीच दोन गाणी नव्या नावांनी, विजेच्या गिटारीवर पुन्हा गायला. ‘आय बीज ट्रबल्ड’ आणि ‘आय कान्ट बी सॅटिस्फाइड’ पाठोपाठ लावावीत. पाठभेद शिकविण्यासाठी याहून चांगले उदाहरण आम्हाला ठाऊक नाही. त्या सात वर्षांत शेत आणि शहर यांच्यामध्ये काय घडले, हे गिटारीच्या आवाजातच ऐकू येते.

ज्याला गोंगाट सोसत नाही त्याने मिसिसिपी जॉन हर्टकडे जावे. त्याची बोटे तारांवर इतकी मृदू चालतात की गाण्यातला खून उशिरा लक्षात येतो. १९२८ नंतर तो विस्मरणात गेला आणि १९६३ मध्ये सापडला तो स्वतःच्याच गाण्यात गावाचे नाव असल्यामुळे. आणि श्रोतेही ऐकायचे असतील तर बी. बी. किंग यांची ‘लाइव्ह अ‍ॅट द रीगल’ (१९६५) ही मुद्रिका : तेथे सभागृहाची दाद ही जवळजवळ दुसरी साथ आहे.

एवढे झाल्यावर रॉबर्ट जॉन्सन. आता ‘कम ऑन इन माय किचन’ लावावे. आता सैतान आठवणार नाही. आठवेल ते हे की, या तरुणाने आपल्या आधीच्या कितीतरी तबकड्या मन लावून ऐकल्या आहेत. लेरॉय कार, स्किप जेम्स, लॉनी जॉन्सन सारे त्याच्या कानात आहेत. एकाकी प्रतिभावंताच्या जागी एक व्यासंगी श्रोता दिसू लागतो, आणि आम्हाला हा दुसरा अधिक प्रिय आहे.

मराठीत या विषयाला एक जुने नाते आहे. १९७२ मध्ये दलित पँथरने आपले नाव अमेरिकेतील ब्लॅक पँथरवरून घेतले. जनार्दन वाघमारे यांच्या लेखनाने कृष्णवर्णीय साहित्य आपल्या चर्चेत रुजविले. बॉल्डविन, राइट, एलिसन ही नावे आपल्याकडे परकी राहिली नाहीत. पण ही सारी ओळख डोळ्यांनी झाली. ज्या लेखकांची वाक्ये या गाण्यांच्या लयीवर चालतात, त्यांचे आपण सिद्धान्त घेतले आणि आवाज तिथेच ठेवला. गाणी सहज मिळत नव्हती तोवर याला सबब होती. आता मोबाइलवर सारे काही आहे, आणि अभ्यासक्रमात तरीही नाही.

एक ध्वनिमुद्रण आम्ही वर्गात सर्वांत शेवटी लावतो. ब्लाइंड विली जॉन्सन यांचे ‘डार्क वॉज द नाइट, कोल्ड वॉज द ग्राउंड’, १९२७ चे. काटेकोरपणे पाहता हा ब्लूज नव्हे, भक्तिगीत आहे. आणि त्यात शब्दच नाहीत, नुसते गुणगुणणे आणि तारेवरून घसरत जाणारा स्वर. १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर अवकाशात गेलेल्या सोनेरी तबकडीवर ते आहे. त्या तबकडीवर त्याच्या लगेच आधी केसरबाई केरकरांची भैरवी आहे. आम्ही वर्गात दोन्ही त्याच क्रमाने लावतो, आणि मध्ये काही बोलत नाही.