घरांतील यंत्रें : एखादेंच छायाचित्र अंधुक कां येतें ?

गेल्या वर्षीच्या मार्गशीर्षांत आमच्या थोरल्या काकांचें सहस्रचंद्रदर्शन झालें. ओटीवर होमाची मांडामांड, माजघरांत पाव्हण्यांची दाटी, आणि या साऱ्यांतून वाट काढीत छायाचित्रें घेत हिंडणारा आमचा पुतण्या, असा तो दिवस गेला. बाहेरचा छायाचित्रकार बोलावूं नये, घरचेंच माणूस घरच्यांस चांगलें ओळखतें, असें काकांचेंच म्हणणें होतें. पुतण्यानें त्या दिवशीं तीनशेंवर छायाचित्रें घेतलीं, आणि कॅमेऱ्यामागील लहानशा पडद्यावर तीं पाहून सर्वांनीं त्याची पाठ थोपटली.

चैत्रांत काका गेले. दिवाणखान्यांत लावण्यासाठीं त्यांचें एक चांगलें छायाचित्र असावें म्हणून औक्षणाच्या वेळचें चित्र मोठें करून पाहिलें, तेव्हां तें निराळेंच निघालें. तबकांतील निरांजन इतकें रेखीव कीं त्याच्या पितळी कांठावरील नक्षी मोजून घ्यावी. आणि त्यामागें काकांचा चेहरा धुक्यांतून पाहावा तसा अंधुक. पुतण्या प्रथम म्हणाला, "कॅमेराच बिघडला आहे, तो विकून टाकूं." मग थोड्या वेळानें हळूच म्हणाला, "नाहीं, माझ्याच हातून झालें."

आम्हांस हीं दोन्ही अनुमानें घाईचीं वाटलीं. त्याच कॅमेऱ्यानें, त्याच भिंगानें आणि त्याच हातानें त्याच दिवशीं दोनशेंहून अधिक चित्रें उत्तम आलीं होतीं. यंत्र मोडलें असतें तर बहुतेक सर्वच चित्रें बिघडलीं असतीं. आणि हातास कसब नसतें तर तींही साधलीं नसतीं. मधूनच होणाऱ्या चुकीचें कारण बहुधा त्या त्या प्रसंगांतच असतें. तें शोधण्याची रीत पुष्कळ घरांस उपयोगी पडेल, म्हणून या महिन्याचें सदर त्यास दिलें आहे.

प्रथम यंत्र काय करतें तें पाहूं. आपल्या डोळ्यांतील भिंग जवळचें व दूरचें पाहतांना आपला आकार बदलतें. कॅमेऱ्याचें कांचेचें भिंग तसें करूं शकत नाहीं. म्हणून तें पुढें-मागें सरकवून प्रतिमा नेमकी बसवावी लागते. यासच फोकस करणें म्हणतात. पूर्वीं तें हातानें कडें फिरवून करीत. १९७७ सालीं जपानच्या कोनिका कंपनीनें हें काम आपोआप करणारा कॅमेरा सामान्य गिऱ्हाइकांसाठीं बाजारांत आणला, आणि १९८५ सालीं मिनोल्टा कंपनीच्या ७००० या कॅमेऱ्यानें भिंगें बदलतां येणाऱ्या कॅमेऱ्यांतही ती सोय रूढ केली. हाच ऑटोफोकस.

त्याच्या मुख्य रीती दोन. पहिलींत भिंग थोडें थोडें सरकत जातें आणि प्रत्येक ठिकाणीं चित्रांतील उजेड व काळोख यांची तफावत मोजली जाते. ती जेथें सर्वांत अधिक भरेल तेथें भिंग थांबतें. दुसरींत भिंगाच्या दोन बाजूंनीं आलेला प्रकाश वेगळा करून त्या दोन प्रतिमा एकमेकींपासून किती ढळल्या आहेत हें पाहतात, व त्यावरून भिंग कोणीकडे आणि किती न्यावयाचें हें एकदम कळतें. आजच्या पुष्कळ कॅमेऱ्यांत दोहोंची सांगड असते. परंतु दोन्ही रीतींस धरावयाला एखादी ठळक कड किंवा रेघ लागते. पांढरी भिंत, शुभ्र उपरणें, होमाचा धूर किंवा मंद उजेड यांत तशी कड सांपडली नाहीं कीं भिंग चांचपडत राहतें, व कधीं भलतीकडेच थांबतें.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी कीं, फोकस कोठें करावयाचा हें कॅमेऱ्यावरच सोपविलें, तर तो बहुधा जवळची व ठळक वस्तु पकडतो. औक्षणाच्या वेळीं निरांजन काकांच्या चेहऱ्याहून कॅमेऱ्यास जवळ होतें, लकाकत होतें, आणि त्याच्या कडा स्पष्ट होत्या. यंत्रानें आपल्या नियमाप्रमाणें चोख काम केलें. त्या चौकटींत आपलें माणूस कोणतें, हें त्यास कोणीं सांगितलें नव्हतें. नव्या कॅमेऱ्यांस चेहरा व डोळे ओळखतां येतात, आणि ती सोय असल्यास ती अवश्य वापरावी. परंतु मान खालीं असली, चेहरा अर्धा झांकला असला, किंवा चौकटींत दहा चेहरे असले, म्हणजे तीही चुकूं शकते.

आतां निदान. अंधुक चित्र संगणकाच्या पडद्यावर पूर्ण मोठें करावें व पुढील प्रश्न क्रमानें विचारावे.

चित्रांत दुसरें कांहीं ठसठशीत आहे काय ? पुढचा हार, मागची खिडकी, शेजारच्या माणसाचा कान ? तसें असेल तर फोकस भलतीकडे बसला. चित्रांतील सर्व कांहीं एकाच दिशेस फरफटल्यासारखें दिसतें काय, दिव्यांच्या ठिपक्यांच्या बारीक रेघा झाल्या आहेत काय ? तर हात हालला. भिंत, खुर्ची, पाट स्पष्ट आहेत आणि केवळ मुलाचा चेहरा किंवा वाढणाऱ्या सुनेचा हात पुसट आहे ? तर माणूस हाललें. साऱ्या चित्रावर दुधाची साय पसरावी तसा पडदा आहे ? तर भिंगावर बोटाचा डाग आहे, किंवा थंड जागेंतून वाफेनें भरलेल्या स्वयंपाकघरांत कॅमेरा आणल्यानें कांचेवर दंव धरलें आहे. आणि कोठेंच कांहीं स्पष्ट नाहीं, दिशाही नाहीं, असें असल्यास, फोकस बसण्यापूर्वींच बटण दाबलें गेलें, किंवा वस्तु भिंगाच्या मर्यादेहून जवळ होती, किंवा भिंगावरील कळ चुकून हातानें फोकस करण्याकडे सरकली, यांपैकीं एक कारण समजावें.

कारण कळलें कीं उपाय कठीण नाहीं. फोकस भलतीकडे बसत असेल तर कॅमेऱ्यास एकच फोकसबिंदु वापरावयास सांगावें. तो माणसाच्या जवळच्या डोळ्यावर ठेवावा, बटण अर्धें दाबावें, हिरवी खूण किंवा बारीक आवाज होईपर्यंत थांबावें, आणि मग तें पूर्ण दाबावें. मध्यंतरीं आपण पाऊलभर पुढें-मागें होऊं नये. ही सूचना क्षुल्लक नव्हे. ३६ × २४ मिलिमीटर आकाराच्या प्रकाशग्राहक पट्टीचा कॅमेरा व ५० मिलिमीटरचें भिंग घेऊन, छिद्र एफ १.८ इतकें मोठें ठेवून दोन मीटरांवरील माणसाचें चित्र घेतलें, तर स्पष्ट दिसणारा पट्टा सुमारें १७ सेंटिमीटर, म्हणजे वीतभरही नसतो. छिद्र एफ ८ इतकें लहान केल्यास तोच पट्टा सुमारें ८० सेंटिमीटर होतो. सबब, तीन ओळींत बसलेल्या कुटुंबाचें चित्र मोठ्या छिद्रानें घेऊं नये.

हात हालत असेल तर शटरचा वेग वाढवावा. जुना ठोकताळा असा कीं, ५० मिलिमीटरच्या भिंगास निदान १/५० सेकंद, २०० मिलिमीटरच्या भिंगास निदान १/२०० सेकंद. लहान पट्टीच्या कॅमेऱ्यांत याहून थोडा अधिक वेग ठेवावा. धांवणाऱ्या मुलांस १/२५० किंवा त्याहून अधिक वेग हवा, आणि फोकस सतत बदलत ठेवणारी पद्धत निवडावी. हाताचा कंप शोषून घेण्याची सोय कित्येक कॅमेऱ्यांत असते. पण ती घेणाऱ्याच्या हातापुरतीच उपयोगी. समोरचा मुलगा हालला तर तिचा इलाज नाहीं. उजेड कमी पडल्यास आयएसओचा आंकडा वाढवावा. त्यानें चित्रांत बारीक रवा दिसूं लागेल. पण रवाळ चेहरा ओळखतां येतो, फरफटलेला चेहरा कोणीही पुन्हां जुळवूं शकत नाहीं. भिंग मऊ, स्वच्छ फडक्यानेंच पुसावें. पदरानें किंवा धोतराच्या सोग्यानें नव्हे.

इतकें करूनही शंका राहिली तर यंत्राची परीक्षा घ्यावी. टेबलावर तीन पुस्तकें, एकामागें एक पण थोडीं बाजूस सरकवून, उभीं करावींत. कॅमेरा तिपाईवर ठेवून मधल्या पुस्तकाच्या नांवावर फोकस करावा. भरपूर उजेडांत दहा चित्रें घ्यावींत, व प्रत्येक वेळीं आधीं फोकस मुद्दाम बिघडवावा. दहाही वेळां पुढचें किंवा मागचेंच पुस्तक स्पष्ट आलें तर जुळणींत कसूर आहे. कांहीं कॅमेऱ्यांत ती घरीं सुधारतां येते, एरव्हीं दुरुस्तीच्या दुकानीं न्यावें लागतें. भर उजेडांतही कधीं एक, कधीं दुसरें असा खेळ चालला, तरीही तें दुकानदारास दाखवावें. आमच्या पुतण्यानें ही परीक्षा घेतली. दिवसां दहापैकीं दहा वेळां मधलें पुस्तक स्पष्ट आलें. रात्रीं एका मंद दिव्याच्या उजेडांत तीन वेळां चुकलें. कॅमेरा विकण्याची गोष्ट तेथेंच संपली. आणि जी दुसरी गोष्ट तो हळूच बोलला होता, तीही त्यानें मनांतून काढून टाकावी, असें आम्हीं त्यास सांगितलें. निरांजन जवळ होतें आणि यंत्रास कोणीं कांहीं सांगितलें नव्हतें, एवढेंच घडलें होतें.

दिवाणखान्यांत आतां जें चित्र आहे तें त्या तीनशेंपैकींच आहे. समारंभापूर्वीं काका खिडकीपाशीं बसून चष्मा पुशीत होते, पुढें तबक नव्हतें, मागें धूर नव्हता, सकाळचें ऊन एका बाजूनें चेहऱ्यावर आलें होतें. पुतण्यानें तें सहज घेतलें होतें. काकू म्हणतात, औक्षणांतल्यापेक्षां हेच अधिक ते दिसतात.

वाचकांस एवढेंच सुचवितों. आपल्या घरीं असा प्रसंग आला, तर ओवाळणें चाललें असतां चित्र घ्यावेंच; पण तबक खालीं आल्यावर आणखी एक घ्यावें, आणि माणूस पाटावर बसलें आहे तोंच चित्र पडद्यावर मोठें करून त्याचे डोळे पाहावे. ते अंधुक दिसल्यास संकोच न धरतां "काका, क्षणभर थांबा" असें म्हणावें. त्या वेळीं कोणी रागावत नाहीं. आणि घरांतील प्रत्येक वडील माणसाचें एक चित्र, समारंभाची वाट न पाहतां, सकाळच्या उजेडांत खिडकीपाशीं घेऊन ठेवावें.

घेतलेलीं छायाचित्रें पुढच्या पिढीपर्यंत सुरक्षित कशीं राखावींत, याचा विचार पुढील अंकीं करूं.