निळा पडदा आणि हरवलेली किल्ली

मैत्रिणींनो, रिठदहून एका भगिनीचं पत्र आलंय. त्या लिहितात, “लॅपटॉपचा मदरबोर्ड बदलून आणला. आता सुरू करताच निळा पडदा येतो आणि ४८ आकडी किल्ली मागतो. असा आकडा आम्हाला कुणी दिलाच नाही! सासूबाई मागच्या वर्षी गेल्या. नातवाच्या बारशाला त्यांनी म्हटलेला पाळणा त्यातच आहे. दुकानदार म्हणतो, सगळं पुसून नव्यानं भरून देतो. काय करू?”

ताई, आधी त्याला ‘थांबा’ म्हणा. पुसलं की गेलंच.

घाबरू नका, तुमचं काही चुकलेलं नाही. हे ‘बिटलॉकर’ नावाचं कुलूप. लॅपटॉप चोरीला गेला तरी आतलं कुणाला वाचता येऊ नये, म्हणून ते असतं. नव्या लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्टचं खातं जोडलं की बरेचदा ते आपोआप लागतं, घरात कुणाला पत्ताही नसतो. मदरबोर्ड बदलला की लॅपटॉपला वाटतं, हे घर आपलं नव्हे! जुलै २०२४ मध्ये तर विंडोजच्या एका अपडेटनंतरही कित्येकांसमोर हाच पडदा आला होता. नेहमीचा पासवर्ड इथे चालत नाही, बरं का.

किल्ली बहुधा खात्यातच जपलेली असते. पडद्यावर किल्लीची ओळख म्हणून काही अक्षरं-आकडे दिसतात. त्यातले पहिले आठ कागदावर टिपून घ्या. मग घरातल्या कुणाच्याही मोबाइलवरून मायक्रोसॉफ्टच्या खात्यात शिरा आणि ‘रिकव्हरी की’ची यादी काढा. ज्या किल्लीची ओळख जुळेल, तीच तुमची. सहा-सहा आकड्यांचे आठ गट असतात. सावकाश भरा, एकीनं वाचावं, दुसरीनं टिपावं.

खात्यात सापडली नाही, तर विचारा: लॅपटॉप पहिल्यांदा सुरू कुणी करून दिला? दिरांनी, भाच्यानं, की विकणाऱ्यानं? किल्ली त्यांच्या खात्यात असू शकते. कॉलेजचा किंवा ऑफिसचा लॅपटॉप असेल तर तिथे विचारा. जुने पेनड्राइव्ह आणि खरेदीच्या पावतीची फाइलही चाळा.

‘पैसे द्या, कुलूप तोडून देतो’ म्हणणाऱ्याच्या नादी मात्र लागू नका. डिस्क काढून दुसऱ्या कॉम्प्युटरला लावली तरी किल्ली लागतेच. ती कुठेच नसेल तर खुद्द कंपनीलाही देता येत नाही. हे कटू आहे, पण खरं आहे. तसं झालंच, तर पुसायला देण्याआधी नातेवाइकांचे मोबाइल धुंडाळा. बारशाला आलेल्या कुणी ना कुणी तो पाळणा टिपला असेल, व्हॉट्सअ‍ॅपवर धाडलाही असेल.

आणि बाकीच्या मैत्रिणींनो, ज्यांचा लॅपटॉप आज सुरळीत चालतोय त्यांनी आजच आपल्या खात्यात किल्ली आहे ना, ते बघा. ती वहीत उतरवून रेशनकार्डाजवळ कपाटात ठेवा, लॅपटॉपच्या पिशवीत नको. दुरुस्तीला देण्याआधी फोटो पेनड्राइव्हवर उतरवून घ्या. दागिन्यांच्या कपाटाची किल्ली आपण जपतोच ना? सासूबाईंचा आवाज काही दागिन्याहून कमी मोलाचा नाही.

ताई, पाळणा मिळाला की एक ओळ जरूर कळवा हं!