वसुलीला बोलके, रक्षणाला मुके

मी व्यवसायाने सॉफ्टवेअर अभियंता आणि पत्त्याने डोंबिवलीकर. सकाळी ठाण्याकडे जाणाऱ्या लोकलमध्ये पाय टेकवण्यापुरती जागा मिळवायची, दिवसभर परदेशातील एका बँकेसाठी आज्ञावली लिहायची आणि रात्री त्याच गर्दीतून घरी परतायचे, हा गेल्या कित्येक वर्षांचा नेम. आमच्या व्यवसायाचा पहिला नियम अगदी साधा आहे. बाहेरून आलेल्या माहितीवर पडताळणीवाचून विश्वास ठेवायचा नाही. कोणी एखादा दाखला सादर केला, तर आमची प्रणाली त्यावरील सही-शिक्क्याकडे पाहून समाधान मानीत नाही. तो दाखला ज्या कार्यालयाने दिला म्हणतात, त्या कार्यालयाच्या संगणकालाच ती विचारते, ‘हा तुमचा आहे काय?’ होकार आला तर काम पुढे सरकते, नाहीतर तिथेच थांबते. कामावर नव्याने लागलेला मुलगाही हे पहिल्या महिन्यात शिकतो.

हा एक प्रश्न न विचारल्याने काय अनर्थ होतो, हे पाहण्यासाठी परदेशी जाण्याचे कारण नाही. आमच्याच कल्याण-डोंबिवलीत त्याचे उदाहरण उभे आहे. एक नव्हे, पासष्ट इमारतींच्या रूपाने!

महापालिकेच्या बनावट बांधकाम परवानग्या तयार करण्यात आल्या. त्या महाराष्ट्र स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाकडे, म्हणजे ‘महारेरा’कडे सादर झाल्या आणि त्यांच्या आधारे प्रकल्पांना नोंदणी क्रमांक मिळाले. एका वास्तुविशारदाने हे प्रकरण चव्हाट्यावर आणले, उच्च न्यायालयात दाद मागितली. २०२२ मध्ये गुन्हे दाखल झाले. नोव्हेंबर २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने या प्रकरणातील अनधिकृत इमारती पाडण्याचा आदेश दिला. तोवर त्या इमारतींत संसार थाटले गेले होते, देवघरे मांडली गेली होती, मुलांच्या शाळा ठरल्या होत्या. अनेकांच्या डोक्यावर गृहकर्जाचे हप्ते होते.

या कुटुंबांचा अपराध कोणता? ‘खरेदीदाराने चौकशी करायला नको होती का?’ असे शहाजोगपणे विचारणारे पुष्कळ भेटतात. त्यांना उलट विचारले पाहिजे की, चौकशी म्हणजे आणखी काय करायचे होते? संसदेने २०१६ मध्ये स्थावर संपदा कायदा केला आणि १ मे २०१७ पासून महाराष्ट्रात महारेरा कार्यरत झाले, ते कशासाठी? सामान्य माणसाला बांधकाम व्यावसायिकाची कागदपत्रे तपासता येत नाहीत, म्हणूनच ना? ‘नोंदणी क्रमांक पाहा आणि मगच घर घ्या’ हा उपदेश शासनानेच केला. खरेदीदाराने संकेतस्थळ उघडले, क्रमांक पाहिला, परवानगीचे पत्रही पाहिले. पत्र खोटे होते आणि त्याला मिळालेला क्रमांक सरकारी होता. ज्या दाराशी सावध राहायचे, त्याच दारावर शासनाचा शिक्का असेल तर सामान्य माणसाने सावध तरी कोठे राहायचे?

महारेराच्या बाजूने एक युक्तिवाद करता येईल आणि तो प्रामाणिकपणे मांडला पाहिजे. कायद्याने नोंदणीचा निर्णय ३० दिवसांत घ्यावा लागतो. न घेतल्यास नोंदणी झाली असे मानले जाते. नोंदणीचा सारा डोलारा बांधकाम व्यावसायिकाच्या प्रतिज्ञापत्रावर उभा आहे. राज्यभरातील कागद इतक्या अवधीत हाताने तपासणे अवघड आहे, हे मान्य. परंतु हाताने तपासा असे सांगितले कोणी? महापालिकेची परवानगी महापालिकेच्या संगणकात असते, प्रकल्पाचा अर्ज महारेराच्या संगणकात असतो. दोन्ही यंत्रे शासनाच्याच घरातील. एकाने दुसऱ्याला एक प्रश्न विचारायला तीस दिवस लागत नाहीत, तीस क्षणही लागत नाहीत. घोटाळा उघड झाल्यावर, २०२३ मध्ये, परवानग्यांची खातरजमा स्थानिक प्राधिकरणाकडून करून घेण्याचे आणि संकेतस्थळे परस्परांशी जोडण्याचे आदेश निघाले. जे २०१७ मध्ये पहिल्या दिवशी करायचे, ते घरे विकली गेल्यावर सुचले!

आता नाण्याची दुसरी बाजू पाहा. माझ्या बँकेतील मुदत ठेवीवर किती व्याज जमा झाले, हे मी विसरलो तरी प्राप्तिकर खाते विसरत नाही. नोव्हेंबर २०२१ पासून उपलब्ध झालेल्या वार्षिक माहिती विवरणात व्याज, लाभांश, समभागांची खरेदी-विक्री यांच्या नोंदी बँका आणि कंपन्यांकडून परस्पर येऊन हजर असतात. पॅन आधारशी जोडला नाही तर दंड होतो. सिग्नलची रेषा चाकाने ओलांडली तर कॅमेरा टिपतो आणि दंडाचा संदेश खिशात वाजतो. या प्रसंगी शासनाचे सगळे संगणक एकमेकांशी सख्ख्या भावंडांसारखे बोलतात. कर चुकवू नये, नियम मोडू नये, याबद्दल दुमत नाही. आम्ही पगारदार माणसे तो चुकवूही शकत नाही, कारण पगार हाती येण्यापूर्वीच कर कापला जातो. प्रश्न एवढाच आहे की, वसुलीच्या वेळी इतकी बोलकी असणारी ही यंत्रे नागरिकाचे रक्षण करण्याची वेळ आली की मुकी का होतात?

त्या घरांच्या व्यवहारांवर मुद्रांक शुल्क शासनानेच घेतले, नोंदणी शुल्क घेतले. दस्त नोंदला गेला म्हणजे इमारत अधिकृत ठरत नाही, असे आता कायद्याचे जाणकार सांगतात. कायद्याने ते खरेही असेल. परंतु पैसे घेताना ज्याला शंका आली नाही, त्याने घर पाडताना कायद्याचे पुस्तक उघडावे, हा कोणता न्याय?

हा मुकेपणा मोठ्या प्रकरणातच आढळतो असे नाही. वडिलांच्या निधनानंतर वारस नोंदीसाठी मी एका कार्यालयाचा अर्ज संगणकावर भरला. शेवटी सूचना आली, अर्ज छापून दोन प्रतींत, मृत्यूच्या दाखल्याच्या साक्षांकित प्रतीसह खिडकीवर सादर करावा. तो दाखला एका सरकारी कार्यालयानेच दिलेला आणि संगणकावर नोंदलेला! एका सरकारी संगणकातील माहिती दुसऱ्या सरकारी संगणकापर्यंत पोहोचवण्यासाठी मी अर्ध्या दिवसाची रजा काढली आणि झेरॉक्सच्या दुकानात रांग लावली. जी यंत्रणा बापाचा मृत्यू मुलाकडून पुन्हा सिद्ध करून घेते, ती बांधकाम व्यावसायिकाचा कागद मात्र न विचारता खरा मानते. अविश्वास सामान्य माणसावर आणि विश्वास लबाडावर, ही उफराटी रीत येथे बिनबोभाट चालते.

‘आपल्याकडे हे जमायचे नाही’ हे रडगाणे तर मुळीच ऐकून घेऊ नये. २०१६ मध्ये सुरू झालेल्या यूपीआयने भाजीवाल्याच्या आणि गिऱ्हाइकाच्या दोन वेगळ्या बँकांना काही क्षणांत एकमेकींशी बोलायला लावले. ते आपल्याच अभियंत्यांनी केले. आणि कल्याण-डोंबिवलीचा इतिहास तर अभिमानाचा आहे. या शतकाच्या आरंभी, देशातील बहुसंख्य पालिका टंकलेखन यंत्रावर चालत असताना, आमच्या महापालिकेने दाखले, मालमत्ता कर आदी कामे संगणकावर आणली आणि नागरी सुविधा केंद्र उघडले. पुढे राज्य शासनाने तोच नमुना इतर नगरपालिका-महापालिकांपुढे ठेवला. ज्या शहराने महाराष्ट्राला संगणकीय कारभाराचा धडा दिला, त्याच शहराच्या नावाच्या खोट्या परवानग्या राज्याच्या संगणकाने निमूट स्वीकाराव्यात, यासारखे दुर्दैव नाही. उणीव यंत्राची नव्हे, बुद्धीचीही नव्हे; उणीव आहे ती उत्तरदायित्वाची.

येथे थोडे आत्मपरीक्षणही आवश्यक आहे. महापालिकेच्या सभागृहाची मुदत नोव्हेंबर २०२० मध्ये संपली आणि जानेवारी २०२६ मध्ये निवडणूक होईपर्यंत पाच वर्षांहून अधिक काळ प्रशासकाचे राज्य होते. आपण सुशिक्षित म्हणवणाऱ्यांनी त्याविरुद्ध किती आवाज उठवला? रस्त्यातील खड्ड्याचे छायाचित्र भ्रमणध्वनीवरून शंभर जणांना पाठवले की आपले नागरिकत्व संपते. तक्रार करणे सोपे, पाठपुरावा करणे कठीण, आणि शासन नेमके हेच ओळखून असते.

म्हणून आता मागणी नेमकी हवी. महापालिकेने दिलेली प्रत्येक बांधकाम परवानगी प्रभागवार संकेतस्थळावर कोणालाही, विनाशुल्क पाहता आली पाहिजे. महारेराची नोंदणी, दस्ताची नोंदणी आणि बँकेचे कर्ज या तिन्हींपूर्वी ती यादी यंत्रानेच तपासली पाहिजे. आणि शासनाच्या क्रमांकावर विसंबून ज्यांनी घर घेतले, त्यांच्या नुकसानीत शासनाचा वाटा शासनाने उचलला पाहिजे.

साधने हाताशी आहेत. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याचे चौथे कलम कार्यालयांना स्वतःहून माहिती प्रसिद्ध करायला सांगते. २०१५ च्या महाराष्ट्र लोकसेवा हक्क कायद्यात सेवा नाकारणाऱ्या वा लांबवणाऱ्या अधिकाऱ्यास ५०० ते ५,००० रुपये दंडाची तरतूद आहे. प्रत्येक गृहनिर्माण संस्थेने एक अर्ज करावा, प्रत्येक कार्यकर्त्याने आपल्या वस्तीतील चार कुटुंबांना तो लिहून द्यावा. माझ्या व्यवसायबंधूंनी आठवड्यातील दोन तास या कामी द्यावेत. परक्या बँकांची दारे राखणाऱ्यांना स्वतःच्या शेजाऱ्याचे दार राखता येऊ नये, ही शरमेची गोष्ट आहे.

गुढीपाडव्याची नववर्ष स्वागतयात्रा १९९९ मध्ये डोंबिवलीतून निघाली आणि पाहता पाहता गावोगावी पोहोचली. तिच्यासाठी कोणत्याही सरकारी आदेशाची वाट पाहिली गेली नव्हती. पुढच्या पाडव्याला कोणी नव्या घराच्या दारी गुढी उभारील, तेव्हा ते दार पाडले जाणार नाही याची खात्री त्याला कोण देणार आहे? ती मिळवण्याचे काम आता आपल्याला करायचे आहे.