खारे वारे

गाणगापूरला गोव्यातून माणसे जातात ती दत्तगुरूंच्या ओढीने. रात्रीच्या बसने निघायचे, भीमा-अमरजेच्या संगमावर बुडी मारायची, निर्गुण पादुकांसमोर डोके टेकवायचे, माधुकरी मागायची आणि परतीची वाट धरायची. मीही आजवर असाच गेलो आणि असाच आलो. कलबुर्गी जिल्हा (आमच्या पिढीच्या तोंडी अजून गुलबर्गाच) म्हणजे माझ्यासाठी देवळाची पायरी आणि संगमाचा घाट, एवढाच. गेल्या माघात मात्र दर्शन झाल्यावर परत न फिरता बिदर जिल्ह्यात भालकीकडे गेलो. म्हापशाच्या कचेरीत माझ्या शेजारच्या टेबलावर अठरा वर्षे काढलेला एक मित्र निवृत्त होऊन तिथल्या आपल्या गावी राहतो. 'एकदा या' असे तो दर दिवाळीला फोनवर म्हणायचा. म्हटले, आता गेलेच पाहिजे.

सीमाभागातले मराठी कानाला फार गोड लागते. वाक्य मराठीत सुरू होते, मध्येच कन्नडचा हेल घेते आणि एखादा दख्खनी शब्द उचलून संपते. मित्राचा नातू बारावीत आहे, मराठी शाळेतून शिकलेला. रात्री जेवणे झाल्यावर तो मोबाइल घेऊन माझ्याजवळ येऊन बसला. पडद्यावर निळाशार खवळलेला समुद्र आणि त्यात काडीसारख्या लांब, निमुळत्या होड्या. एकेका होडीत एकेक माणूस, हातात दुहेरी पात्याचे वल्हे. लाट मागून आली की होडी तिच्या अंगावरून घसरगुंडीसारखी सुटायची.

"गोव्याचे आजोबा, तुमच्याकडं ह्या शर्यती कुठल्या गावात होतात?"

होतात का, असे त्याने विचारलेच नाही. कुठे होतात, एवढेच विचारले. गोवा म्हणजे समुद्र, मग समुद्रातल्या शर्यती तिथे असणारच, असा त्याचा सरळ हिशेब. मी आठवून पाहिले. नाव घेण्याजोगी एकही आठवली नाही. मग मी पर्यटनखात्याच्या पत्रकासारखे काहीतरी बोललो. आमच्याकडे कायाक भाड्याने मिळतात, नदीत खारफुटीच्या कडेने फिरवून आणतात, वगैरे. पोरगा ऐकून घेऊन म्हणाला, "पण दुपारी खारे वारे सुटतात ना? भूगोलाच्या पुस्तकात आहे की."

खारे वारे आणि मतलई वारे! दिवसा समुद्राकडून जमिनीकडे आणि रात्री जमिनीकडून समुद्राकडे. मीही शाळेत हेच घोकले होते, आणि समुद्रापासून दोन मैलांवर राहून त्याचा पुढे कधी विचार केला नव्हता. ज्याने आयुष्यात समुद्र पाहिलेला नाही, त्या भालकीच्या पोराने तो धडा नीट वाचला होता. तेव्हापासून हा विषय डोक्यात आहे.

ज्या होडीच्या या शर्यती, तिला सर्फ-स्की म्हणतात. लांबी सहा मीटरच्या वर, रुंदी जेमतेम पंचेचाळीस सेंटिमीटर, म्हणजे आपल्या जेवायच्या पाटाएवढी. माणूस कायाकमध्ये बसतो तसा आत नाही, वरच्या खळग्यात बसतो. सुकाणू पायाने फिरवायचे. उलटली तर पुन्हा वर चढून बसता येते, आत शिरलेले पाणी चालत्या होडीतून आपोआप खाली निघून जाते. अशी चिंचोळी होडी शांत पाण्यातसुद्धा नवख्या माणसाला दोन मिनिटे सांभाळत नाही. खवळलेल्या पाण्यात ती चालवायची म्हणजे दंडांपेक्षा डोळ्यांचे काम जास्त.

यात एक साधे गणित आहे. खोल पाण्यात लाटेचा वेग तिच्या आवर्तनाच्या काळावर ठरतो. दोन शेंड्यांमधले सेकंद मोजा, त्यांना दीडने गुणा, सेकंदाला इतके मीटर हा साधारण वेग. बाहेरच्या दर्यातून येणारी बारा सेकंदांची मोठी लाट तासाला पासष्टच्या वर किलोमीटर धावते. तिला कोण गाठणार! पण वाऱ्याने तिथल्या तिथे उठवलेली चार सेकंदांची लाट तासाला वीस-बावीस किलोमीटरने जाते. तयार वल्हेकरी सपाट पाण्यात बारा-तेराने जातो. होडीची मागची बाजू उचलली गेली की त्याच क्षणी चार वल्ही जोरात मारायची. मग उतार होडीला ओढून नेतो आणि माणसाला क्षणभर विसावा मिळतो. त्या विसाव्यात पुढचा खळगा कुठे पडतोय ते हेरायचे. ही लाट गेली की ती, तीवरून पुढची. जो लाटांवर चढत राहतो तो दमतो. ज्याला खळगे दिसतात तो जिंकतो.

ऑस्कर चालुप्स्की नावाचा दक्षिण आफ्रिकेचा गडी. हवाईमधल्या मोलोकाई बेटापासून ओआहू बेटापर्यंतची सुमारे बावन्न किलोमीटरची खाडी ओलांडण्याची शर्यत त्याने १९८३ मध्ये पहिल्यांदा जिंकली आणि २०१२ मध्ये बाराव्यांदा. तेव्हा त्याचे वय ४९ होते. पन्नाशीला टेकलेला माणूस विशीतल्या पोरांना मागे टाकतो, ते काही नुसत्या ताकदीवर नव्हे.

ऑस्ट्रेलियात पर्थजवळ एक शर्यत होते. रॉटनेस्ट बेटापासून किनाऱ्यापर्यंत, २७ किलोमीटर. तिचे नाव 'द डॉक्टर'. तिथे उन्हाळ्यात दुपारी समुद्रावरून गार वारा सुटतो, उकाड्याने हैराण झालेल्या माणसांना बरे वाटते, म्हणून लोक त्या वाऱ्यालाच 'फ्रीमँटल डॉक्टर' म्हणतात. त्या वाऱ्यावरून शर्यतीचे नाव. म्हणजे खारा वाराच की! त्यांनी त्याला वैद्य केले आणि त्याच्या पाठीवर बसून शर्यत लावली. आम्ही त्याला भूगोलाच्या पुस्तकात ठेवला.

आपल्याकडे तो वारा कमी आहे म्हणावे तर तसेही नाही. फाल्गुनापासून वैशाखापर्यंत दुपारी दोन-तीन वाजता वायव्येकडून वारा उठतो, समुद्रावर पांढरे घोडे दिसू लागतात आणि दिवेलागणीला सगळे शांत होते. दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी या वाऱ्याच्या लाटांचा अभ्यास करून ठेवला आहे. हिवाळ्यात अरबस्तानाकडच्या 'शमाल' वाऱ्याने उठलेल्या लाटा आपल्या किनाऱ्यापर्यंत कशा येतात, हेही त्यांनी दाखवले आहे. आपला किनारा उत्तरेकडून दक्षिणेकडे किंचित पूर्वेला कलत उतरतो. तेव्हा वायव्येचा वारा हरमलहून आग्वादकडे निघालेल्या होडीच्या पाठीशीच राहणार. अंतर पंचवीस किलोमीटरच्या आतबाहेर. देवाने आखून दिलेली शर्यत आहे ही.

आणि आणखी एक गंमत. आपल्या मच्छीमारांना लाटांचा, वाऱ्याचा, उधाणाचा जो इशारा मिळतो, तो देणारी केंद्र सरकारची संस्था १९९९ पासून हैदराबादला आहे. समुद्रापासून कित्येक कोस दूर, दख्खनच्या पठारावर, भालकीहून एका दिवसात जाऊन येता येईल अशा ठिकाणी! मित्राच्या नातवाला हे सांगितले तेव्हा त्याचा चेहरा उजळला. समुद्र कळायला समुद्राकाठी जन्मावे लागत नाही, हे त्याला माझ्याआधी समजले.

आता आपल्या होड्यांकडे वळू. विठ्ठलापूर-साखळीला त्रिपुरारी पौर्णिमेला वाळवंटीत नौका सोडतात. शिवोलीला सांजांवच्या दिवशी होड्या सजवून आणतात. दोन्ही उत्सव मला प्रिय आहेत. पण आमच्या होड्या नटतात, मिरवतात, पुठ्ठ्याचे राजवाडे अंगावर घेतात. धावत नाहीत. केरळात १९५२ पासून नेहरू करंडकाची वल्ह्यांची शर्यत चालू आहे आणि गावेच्या गावे तिच्यासाठी वर्षभर झुरतात. मालवणला चिवल्याच्या किनाऱ्यावर समुद्रात पोहण्याची स्पर्धा भरते. गोव्यात २०२३ मध्ये राष्ट्रीय क्रीडास्पर्धा झाल्या, त्यात कायाकही होते, पण सपाट पाण्यातले. उघड्या दर्यातले काय?

हे मी आमच्या शेजारच्या पाग्याला बोलून दाखवले. साठी उलटलेला माणूस, हातावर जाळ्याच्या दोरीचे वळ. तो म्हणाला, "भाटकारा, दर्या म्हणजे पोट. पोटाशी खेळतात काय?" या वाक्यापुढे माझ्यासारख्या पगारी माणसाने गप्प बसावे हेच बरे. तरी मी गप्प बसलो नाही. कारण सर्फ-स्कीचा जन्मच मुळी पोटासाठी झालेला. १९१२ च्या सुमारास ऑस्ट्रेलियात पोर्ट मॅक्वारीजवळच्या एका सरोवरात मॅक्लारेन नावाच्या भावांची कालवांची शेती होती. कालवांभोवती फिरायला त्यांनी ही फळकुटासारखी होडी केली. पुढे किनाऱ्यावरच्या जीवरक्षकांनी बुडणाऱ्याला गाठायला ती उचलली आणि मग शर्यती आल्या. कायाक तर उत्तर ध्रुवाकडच्या इन्युइट लोकांनी सील मारण्यासाठी बनवलेली. हवाईच्या होड्यांना बाजूला जो तोल सांभाळणारा ओंडका असतो, तो आपल्या कोकणपट्टीतही आहे. आपण त्याला उलांडी म्हणतो.

पागी ऐकत होता. मग त्यानेच सांगितले ते मला जास्त महत्त्वाचे वाटते. त्याच्या तरुणपणी रांपण टाकायला मोठी होडी फुटत्या लाटांतून बाहेर काढायची म्हणजे पुढे बसलेला म्हातारा सांगेपर्यंत कोणी वल्हे पाण्यात घालत नसे. तो लाटा मोजायचा. 'आता' म्हणाला की सगळ्यांनी एकदम. सत्तरच्या दशकात ट्रॉलर आले, रांपणकारांनी आंदोलन केले, १९८० मध्ये मासेमारी नियमनाचा कायदाही झाला. पण पाठोपाठ होड्यांना इंजिने लागली आणि लाटा मोजणाऱ्या म्हाताऱ्याची गरज संपली. "माझ्या झिलाला इंजिन उघडून जोडता येते. लाट मोजता येत नाही," पागी म्हणाला. तक्रारीच्या सुरात नव्हे, सहज.

माझे म्हणणे एवढ्यासाठीच आहे. इंजिन नको असे मी म्हणणार नाही, वल्ही मारून कोणाचे हात सोलवटावेत अशी माझी इच्छा नाही. पण जी विद्या पोटासाठी लागत नाही, ती टिकते ती खेळात. घोड्यावरून लढाया बंद झाल्या तरी घोडेस्वारी राहिली, कुस्तीचेही तेच.

धोक्याचे मला कोणी सांगू नये, मी तो चाखलेला आहे. काही वर्षांपूर्वी दक्षिणेतल्या एका किनाऱ्यावर मी भाड्याची कायाक घेतली. दुपारची वेळ, वारा पाठीशी. होडी अशी सुटली की मला वाटले, उगाच नोकरीत आयुष्य घालवले. वळलो तेव्हा कळले. अर्धा तास वल्हे मारून मी जागच्या जागी होतो. शेवटी आडवा झालो, उलटलो, आणि रापणीच्या दोन पोरांनी येऊन मला बटाट्याच्या पोत्यासारखे ओढून आणले. भाड्याने देणाऱ्याने जाताना वाऱ्याची दिशा सांगितली नव्हती, मीही विचारली नव्हती. वाऱ्याबरोबर जाणे हे परत येण्याचा बंदोबस्त केल्यावरच करायचे, हा या खेळाचा पहिला धडा. म्हणूनच या शर्यती एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला असतात. होडी पायाला दोरीने बांधलेली, अंगात तरंगजाकीट, संपर्काचे साधन जवळ, सोबत सुरक्षानौका. आणि त्या दिवशी समुद्र नको म्हणाला तर शर्यत रद्द. रद्द करण्याची छाती नसलेल्या आयोजकाने या वाटेला जाऊच नये.

आपल्या माणसांना हे जमत नाही असेही कोणी म्हणू नये. मुंबईचा कौस्तुभ खाडे २०१५ मध्ये एकटा कायाकने मुंबईहून गोव्यापर्यंत आला. नंतर गुजरातपासून कन्याकुमारीपर्यंत सुमारे ३००० किलोमीटर वल्हवत गेला. जमिनीवरून त्याच्या सोबतीला शांजली शाही सायकलने. त्याचे कौतुक आपल्याकडे झाले, पण हरमल-मोरजीच्या किती पोरांनी त्यापायी वल्हे हातात घेतले? राष्ट्रीय जलक्रीडा संस्था गोव्यात आहे, फेब्रुवारी २०२४ मध्ये तिच्या नव्या संकुलाचे उद्घाटन पंतप्रधानांच्या हस्ते झाले. २००८ पासून किनाऱ्यांवर पगारी जीवरक्षक आहेत, आणि त्यांतले कितीतरी किनाऱ्यावरच्याच घरांतले. एवढे असताना अडते कुठे? मला भीती एकच वाटते. ही शर्यत सुरू झालीच तर ती एखाद्या मोठ्या हॉटेलच्या अंगणात, परदेशी पाहुण्यांसाठी, संध्याकाळी संगीतासह सुरू होईल आणि पागी वाळूत उभा राहून बघेल. त्यापेक्षा न झालेली बरी. निघण्याचा इशारा त्याच्यासारख्या लाटा मोजणाऱ्याने द्यावा, गावच्या होड्यांचा वेगळा गट असावा, आणि सुरक्षानौकांचे भाडे गावातच राहावे.

निघायच्या दिवशी मित्राने एक जुनी गोष्ट सांगितली. त्याच्या लहानपणी मांजरेला पाणी चढले की गुऱ्हाळातली काहील नदीत लोटायची आणि तिच्यात बसून पलीकडे जायचे. गोल काहील भोवऱ्यासारखी फिरते, म्हणून वल्हे मारायचे नाही, नुसते टेकवायचे, आणि प्रवाह कुठे सैल आहे ते बघत बसायचे. त्याच्या आजोबांनी त्याला तीन पावसाळे काठावर बसवून नुसते पाणी पाहायला लावले आणि चौथ्या वर्षी काहिलीत घेतले. नातू हे ऐकून हसला. मी हसलो नाही, कारण मला आमचा पागी आठवला.

पोरगा परीक्षा संपल्यावर वैशाखात येणार आहे. पाग्याला मी विचारून ठेवले आहे. होडीत घेईन म्हणाला, पण सकाळी, वारा उठायच्या आत. आणि आधी त्याला पोहता येते का ते तो स्वतः बघणार आहे, खाडीत, ओहोटीला. दुपारचे खारे वारे काठावर बसून पाहायचे.